ठळक, अरुंद देवनागरी: येळ्ळूरपासून निपाणीपर्यंतच्या पाट्यांसाठी अक्षर घडवताना

बेळगावात पाटी करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक फाँटचं नाव सांगत नाही. त्याच्या अटी दोनच असतात: नाव लांबून दिसलं पाहिजे, आणि सगळं बसलं पाहिजे. या दोन्ही अटी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. लांबून दिसायचं तर अक्षर मोठं हवं, सगळं बसायचं तर लहान. यावरचा छापखान्यांचा जुना तोडगा म्हणजे ठळक आणि अरुंद अक्षर. रेघ जाड ठेवायची, रुंदी आवळायची, उंची राखायची.

इंग्रजीत हा तोडगा एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी खिळ्यांपासून, म्हणजे छपाईच्या लाकडी अक्षरांपासून, चालत आला. जाहिरातीच्या उभ्या पत्रकावर लांब नाव एका ओळीत बसवायचं असे. पुढे मॉरिस फुलर बेंटन यांचं १९०३ सालचं अल्टरनेट गॉथिक आलं, १९६५ मध्ये जेफ्री ली यांचं इम्पॅक्ट आलं, आणि आज यूट्यूबच्या प्रत्येक दुसऱ्या चित्रावर याच घराण्यातलं कुणीतरी बसलेलं असतं. पण रोमन लिपीत हे काम सोपं होतं. कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, वरखाली काही लोंबत नाही. ओळ म्हणजे सरळ चौकोन, तो हवा तेवढा आवळा.

देवनागरीत कॅपिटल नाहीत. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि पाय मोडल्याची खूण. नुसती रुंदी आवळून इथे भागत नाही. नवशिक्यानं आधी हेच डोक्यात पक्कं करावं: देवनागरी अरुंद करायला बसण्याआधी उंचीचा हिशेब मांडायचा.

आधी पट्टी मोजा

कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या फलकावर ६० टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या भागात द्यावी लागते. हे योग्य की अयोग्य यावर आपल्या भागात प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे. पण पाटी करणाऱ्याला आधी इंच मोजावे लागतात.

समजा, फलक १० फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे. उंची झाली ३६ इंच. त्यातले साडेएकवीस इंच कन्नडचे. उरले साडेचौदा. खाली दीड इंच कड सोडा, इंग्रजी ओळीला चार इंच द्या, दोन ओळींमध्ये एक इंच फट ठेवा. मराठीला राहिले साधारण आठ इंच. नेहमीच्या फाँटात वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंतच्या उंचीत मूळ अक्षर, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग, जेमतेम निम्मा असतो. म्हणजे चार इंच. बोर्डवाल्यांचा ठोकताळा असा की दर दहा फुटांना एक इंच अक्षर हवं. चार इंचांचं अक्षर चाळीस फुटांवरून नीट वाचता येईल. आता मात्रा आखूड करून, उकार चपटा करून मूळ अक्षराला त्याच आठांतले पाच इंच दिलेत तर अंतर पन्नास फुटांवर गेलं. रुंदीला हातही न लावता दहा फूट मिळाले.

मग रुंदी कधी आवळायची? नाव "अमृततुल्य" एवढंच असेल तर आवळायची गरजच नाही. दहा फुटांच्या पट्टीत मधोमध अरुंद अक्षर उभं केलंत तर दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहते आणि गिऱ्हाईक विचारतं, "एवढी जागा मोकळी का सोडली?" त्याचं बरोबर असतं. पण नाव "श्री महालक्ष्मी किराणा आणि जनरल स्टोअर्स" असेल, तर पाच इंची अक्षरात साध्या रुंदीनं ओळ १२० इंचांच्या आसपास जाते. फलकच तेवढा आहे, कडा सोडायच्या कुठून? अरुंद अक्षरात तीच ओळ ऐंशी-पंच्याऐंशी इंचांत बसते. थोडक्यात, फलकाची रुंदी भागिले नावातली अक्षरं हे गणित आधी करा, फाँटची यादी नंतर उघडा.

उभ्या जागांत मात्र अरुंद अक्षराला पर्याय नाही. गणेशोत्सवातल्या कमानीचे खांब, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या बाजूच्या पट्ट्या, स्टँडी, टेम्पोचं कपाळ, आणि कुस्तीच्या मैदानाचं पत्रक. त्या पत्रकावर दोन पैलवानांची नावं, गावं आणि तालमी एका ओळीत समोरासमोर बसवायच्या असतात. अरुंद देवनागरीची खरी परीक्षा तिथे होते.

पेंटरांचं काम बघून या

संगणक उघडण्याआधी खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीत एक फेरी मारा आणि हातानं रंगवलेल्या जितक्या पाट्या उरल्यात त्यांचे फोटो काढा. फ्लेक्सच्या गर्दीत त्या शोधाव्या लागतात, पण आहेत. खानापूर आणि निपाणीकडे जुन्या दुकानांच्या शटरवर, गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर जास्त सापडतात.

बघायचं काय? पेंटर जागा कुठे वाचवतो ते. "पू" चा दीर्घ उकार तो खाली लोंबत सोडत नाही. पायाशी डावीकडे आडवा झोपवतो. अनुस्वाराचा टिंब वेलांटीच्या कमानीच्या कुशीत टाकतो. सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात आवळत नाही: "र" आणि "ग" मुळातच सडपातळ, त्यांना तो हात लावत नाही, "क", "ळ", "क्ष" यांच्याकडून जागा काढतो. आणि ब्रश टेकून जिथे दोन रेघा मिळतात तिथे रेघ बारीक करतो, नाहीतर रंग साचून सांध्याला गोळा होतो. ही चारही तंत्रं तुमच्या फाँटात जशीच्या तशी उपयोगी पडणार आहेत.

मापं ठरवा

फाँटच्या चौकटीत उंचीचे एक हजार भाग धरायची पद्धत आहे. त्या मापात सुरुवातीला हे आकडे घ्या आणि पुढे डोळ्यानं बदला. मूळ अक्षर, शिरोरेषा धरून, ६४०. वरच्या खुणांना १९०, खालच्यांना १७०. काना १२५ जाड. शिरोरेषा ९०, म्हणजे कान्यापेक्षा स्पष्ट बारीक. दोन रेघा मिळतात तिथली मान ६५ ते ७०. "प" च्या पोटातली पांढरी जागा ११०. अशानं अख्खा "प" सव्वाचारशेच्या आसपास रुंद होतो.

शिरोरेषा कान्याइतकीच जाड करायचा मोह होतो, कारण पडद्यावर एक-एक अक्षर बघताना ते दमदार वाटतं. शब्द जोडून बघितला की चूक कळते. कान्यांची रांग आणि वरून तेवढीच जाड पट्टी आली की शब्द कुंपणाच्या गजांसारखा दिसतो आणि अक्षर वेगळं निघत नाही. आडवं बारीक, उभं जाड, ही तफावत जितकी सांभाळाल तितकं अक्षर मोकळं राहील.

इथेच एक गणित बघून ठेवा. बाजारात सर्रास चालतं ते असं: साधा ठळक फाँट घ्यायचा आणि कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये बाजूचा चौकोन धरून आत ढकलायचा. सत्तर टक्के रुंदीला आणलंत की १२५ चा काना ८७ वर येतो आणि ९० ची शिरोरेषा ९० च राहते. उभी रेघ आडवीपेक्षा बारीक झाली. अक्षर अरुंद झालं, पण ठळकपणा गेला आणि तोलही गेला. लांबून बघणाऱ्याला फक्त एक आडवी पट्टी आणि तिला लटकलेली काहीतरी खरखर दिसते. ढकललेलं अक्षर आणि घडवलेलं अक्षर यातला फरक इथे आहे.

पहिली अक्षरं: "बेळगाव" पुरेसं आहे

सुरुवात वर्णमालेच्या क्रमानं करू नका. "बेळगाव" हा एकच शब्द आधी पूर्ण करा. त्यात सोपं, अवघड आणि फसवं असं सगळं आहे.

"ग" आणि "व" सोपे. "व" चं पोट गोल ठेवायला जागा नाही, म्हणून ते उभं लांबट करा. वरचा आणि खालचा कोपरा किंचित गोलाईचा ठेवलात की बस. आता "ब". "व" च्या पोटात एक तिरपी रेघ आली की "ब" होतो, आणि ११० च्या पांढऱ्या जागेत १२५ ची रेघ बसत नाही हे उघड आहे. ती तिरपी रेघ ५५-६० पर्यंत खाली आणावी लागते, आणि तरीही पोट दोन तुकड्यांत कापलं जाऊन भरून जातं. उपाय असा: "ब" ला "व" पेक्षा वीस-पंचवीस भाग जास्त रुंदी द्या आणि तिरपी रेघ जास्त उभी करा. दहा पावलांवरून बघून "ब" आणि "व" वेगळे वाचता येत नसतील तर पुढे जाऊ नका, कारण एकाच शब्दात दोघं समोरासमोर आहेत.

"ळ" वर निवांत बसा. आपल्या भागातलं हे सगळ्यात कष्टाचं अक्षर आहे, आणि सगळ्यात जास्त लागणारंही. त्याला काना नाही. शिरोरेषेवरून एक छोटी दांडी खाली येते आणि तिच्याखाली दोन फुगे शेजारी-शेजारी बसतात. बाकी अक्षरांत एक पोट असतं, याला दोन. अरुंद करताना दोन्ही फुगे चेपले जातात, आतली पांढरी जागा मिटते आणि लांबून ते आडव्या आठासारखा काळा डाग दिसतं. यावर तीन गोष्टी कराव्या लागतात. दांडी आखूड करून फुग्यांना उंची द्यायची, म्हणजे गोलाचे लांबट थेंब होतात. दोन फुग्यांच्या मधली, दोघांना सामाईक असलेली रेघ ७० पर्यंत बारीक करायची आणि बाहेरच्या दोन बाजू ११५ वर ठेवायच्या. डोळा बाहेरची जाडी धरतो, आतली माफ करतो. आणि तिसरं, "ळ" ला बाकीच्यांपेक्षा रुंद राहू द्यायचं. सगळी अक्षरं एका मापात बसवायचा हट्ट इंग्रजीत चालतो. मराठीत त्या हट्टापायी पहिला बळी "ळ" चा जातो.

हीच युक्ती "क" आणि "फ" ला लागते. तिथे काना मधोमध आणि दोन्ही बाजूंना गोलाई. काना जरा सडपातळ करा, म्हणजे ११० च्या आसपास, आणि उजवी गोलाई शिरोरेषेपासून मोकळी लटकू द्या. "म", "भ" यांची डावीकडची गाठ मात्र या जाडीत भरीव केली तरी चालते. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. "ख" चा खालचा जोड ठसठशीत ठेवा, नाहीतर "खानापूर" चं "रवानापूर" होतं.

"ल" आणि "श" मराठी वळणाचे काढा: "ल" च्या डावीकडे दोन गोलाया, "श" ला पाकळी. हिंदी वळणाचा "ल" कमी जागा घेतो हे खरं, आणि म्हणून काही फाँटवाले तोच पुढे करतात. पण शाळेपासून मराठी वळण गिरवलेल्या माणसाला पाटी परकी वाटते. एकाच फाँटात दोन्ही वळणं ठेवून भाषा मराठी निवडल्यावर मराठी वळण यावं अशी सोय करता येते, ती करा. "ॲ" आणि "ऱ्य", "ऱ्ह" विसरू नका. "ॲल्युमिनियम" आणि "दऱ्या" नीट उमटत नाहीत तो फाँट मराठीसाठी अपुरा आहे.

डोक्यावरचं आणि पायाखालचं

मूळ अक्षरं झाली की अर्धं काम झालं असं वाटतं. खरं तर आता सुरू होतं. इथे आपल्या जिल्ह्यातली गावं फार उपयोगी पडतात.

"सौंदत्ती" घ्या. "सौं" वर काना, दोन मात्रा आणि वर टिंब. १९० भागांत दोन ठळक मात्रा एकमेकींवर चढवल्या तर त्या जुळून एकच जाड मात्रा दिसते आणि "सौ" चा "सो" होतो. मात्रांची जाडी ७५ पर्यंत उतरवा, दोन्हींचा पाया कान्याच्या डोक्यावर एकाच ठिकाणी आणा आणि टोकं पंख्यासारखी फाकवा. टिंब त्यांच्या उजवीकडे खाली, शिरोरेषेला अगदी खेटून बसवा. गोल टिंबाऐवजी किंचित चौकोनी टिंब कमी उंचीत जास्त काळा दिसतो.

"बिजगर्णी" मध्ये वेलांटी आणि रफार एकाच कान्यावर येतात. नुसते एकमेकांवर टाकले तर भिडतात. अशा जोड्या वेगळी आकृती म्हणून काढा: वेलांटी अधिक रफार, वेलांटी अधिक टिंब, तिन्ही मिळून, मात्रा अधिक रफार, मात्रा अधिक टिंब. यादी लांबते, पण ठळक अक्षरात दुसरा मार्ग नाही.

पहिली वेलांटी, म्हणजे "ि", हिच्याबाबतीत अरुंद फाँट तुमचं काम हलकं करतो. तिची कमान पुढच्या अक्षराच्या कान्यापर्यंत पोचायला हवी, म्हणून साध्या फाँटात "रि", "पि", "क्षि", "त्म्यि" यांच्यासाठी लहानमोठ्या कमानी काढत बसावं लागतं. अरुंद फाँटात अक्षरांच्या रुंदीत फार तफावत नसते, त्यामुळे थोडक्या कमानींत भागतं.

आणि मग "येळ्ळूर". दोन "ळ", त्याखाली दीर्घ उकार. काही फाँट दोन "ळ" एकाखाली एक रचतात. वाचायच्या पुस्तकात ते देखणं दिसतं. आपल्या १७० भागांत तो ढीग आणि त्याखाली उकार बसणं अशक्य. बसवलाच तर खालच्या ओळीत घुसतो. माझं मत स्पष्ट आहे: पाटीच्या फाँटात पहिल्या "ळ" चा पाय मोडून दोन्ही शेजारी ठेवा आणि उकार डावीकडे आडवा झोपवा. रुंदी वाढते, वाढू द्या. उभी रचना करायची की आडवी, हा प्रश्न प्रत्येक जोडाक्षराला विचारायचा, आणि जिथे खाली उकार येण्याची शक्यता आहे तिथे आडवीला कौल द्यायचा. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला आणि जोडाक्षरांच्या लेखनाचा नमुना दिला आहे. शंका आली की तो समोर ठेवा.

तपासायला वेगळी यादी शोधू नका. येळ्ळूर, सौंदत्ती, बिजगर्णी, गर्लगुंजी, मच्छे, कुद्रेमनी, कित्तूर, संकेश्वर, हुक्केरी, कंग्राळी, हिंडलगा, कणकुंबी, निपाणी, खानापूर. एवढी गावं नीट उमटली की बहुतेक पाट्या उमटतील.

अंतर आणि जोडणी

देवनागरीत दोन अक्षरांमधलं अंतर शिरोरेषेखालच्या पांढऱ्या जागेवरून ठरतं. एका अक्षराचा काना आणि पुढच्याची डावी रेघ यातलं पांढरं, "प" च्या पोटातल्या पांढऱ्यापेक्षा थोडं कमी ठेवा. "र" आणि "द" यांच्यानंतर खड्डा पडतो, तिथे हातानं जवळ आणा.

प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना दहा-पंधरा भाग बाहेर काढून पुढच्यावर चढवा. नुसती टोकाला टोक लावली तर छपाईत केसाएवढी फट दिसते. पण हीच चढवणी कटिंग प्लॉटरवर घात करते: विनाइल कापताना प्रत्येक सांध्यावर सुरी फिरते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. म्हणून कापायला देण्याआधी शब्द वेल्ड करून एकसंध करायचा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. ग्लिफ्स विकत घ्यावं लागतं आणि फक्त मॅकवर चालतं. फाँटफोर्ज फुकट आहे, दिसायला ओबडधोबड, पण काम करतं. रफार कुठे जावा, अर्धी अक्षरं कधी यावीत याचे ओपनटाइप नियम लिहावे लागतात. खुल्या परवान्याच्या एखाद्या देवनागरी फाँटच्या फाइली उघडून ते कसे लिहिलेत हे बघणं हा सगळ्यात जवळचा रस्ता.

घडवायचा नसेल, वापरायचाच असेल तर

सगळ्यांना फाँट घडवायचा नसतो, परवा उत्सव आहे आणि फलक उद्या हवा असतो. इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको आणि खंड हे दोन्ही आटोपशीर, ठळक वजनात येणारे आणि फुकट मिळणारे देवनागरी फाँट आहेत. तेको जास्त चौकोनी आणि आवळलेला. कुस्तीचं पत्रक, कबड्डीची जर्सी अशा ठिकाणी शोभतो, लग्नपत्रिकेत नको.

पण द्विभाषिक फलकाला माझी पहिली पसंती "एक टाइप" या फाँट घडवणाऱ्या संस्थेच्या "अनेक" या फाँटला. २०२२ मध्ये आलेल्या या कुटुंबात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, आणि रुंदी व जाडी दोन्ही सरकवता येतात. रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत, जाडी १०० पासून ८०० पर्यंत. दोन्ही लिपी एकाच हिशेबानं घडवल्यामुळे फलक दोन दुकानांनी वाटून घेतल्यासारखा दिसत नाही. नोटो सॅन्समध्येही देवनागरी आणि कन्नड दोन्ही अरुंद रुंदीत मिळतात; तो सभ्य आहे, पण मिरवणुकीत आवाज करत नाही. हे सगळे खुल्या परवान्याचे, व्यवसायासाठी वापरायला पैसे नाहीत. फक्त फाँटची फाइल सुटी विकायची नाही.

कन्नड आणि मराठी शेजारी ठेवताना पॉइंटचा आकडा सारखा ठेवला म्हणजे अक्षर सारखं दिसतं असं नाही. कन्नड अक्षर गोल आणि पसरट, त्याला आधार देणारे काने नाहीत. फार आवळलं तर ते लगेच केविलवाणं होतं. कन्नड ७५ ऐवजी ९० च्या आसपास ठेवा, मराठी हवी तर ७५ वर न्या, आणि दोन्हींची रेघ डोळ्याला सारखी जाड दिसेपर्यंत वजन सरकवा. दुसरी गोष्ट ओळींमधल्या फटीची. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो. "वस्त्र" मध्ये तर एकाखाली एक भर पडते. खाली मराठीत वेलांटी आणि रफार वर उठलेले असतात. कापड दुकानाच्या फलकावर ही दोघं नेमकी भेटतात. फट मोजताना मूळ अक्षरापासून मोजू नका. कन्नडच्या सर्वात खालच्या टोकापासून मराठीच्या सर्वात वरच्या टोकापर्यंत मोजा.

दुकानात फाइल देताना

व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. डीटीपीच्या दुकानात अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांवर काम चालतं, आणि तिथे तो मजकूर चिकटवला की कचरा दिसतो. मग ऑपरेटर पुन्हा टाइप करतो आणि "कुद्रेमनी" चं "कुदेरमनी" होतं. नवे फाँट वापरायचे तर मजकूर युनिकोडमध्येच ठेवून स्वतः मांडून द्या. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू करा; तो बंद असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी बरोबर जुळवतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवणारा आकडा, ट्रॅकिंग, शून्यावरच ठेवा. इंग्रजी ओळीला तो शोभतो. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळ रुंद करायची असेल तर रुंदीच बदला.

बाह्यरेषेचं आपल्याकडे फार वेड आहे. पिवळं अक्षर, लाल कड, त्याबाहेर पांढरी कड, वर सावली. ठळक अरुंद अक्षरात कड आतल्या बाजूला वाढली की "ब" आणि "ळ" ची उरलीसुरली पोटं बुजतात. कड द्यायचीच असेल तर ती अक्षराच्या मागे टाका, म्हणजे फक्त बाहेर दिसेल, आणि आतल्या पांढऱ्या जागांत येणारी कड काढून टाका. गिऱ्हाईकाला दोन्ही नमुने शेजारी छापून दाखवा. पडद्यावर पटत नाही ते कागदावर पटतं.

काळ्या किंवा गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर असेल तर ते आहे त्यापेक्षा जाड दिसतं. एलईडीच्या फलकात तर उजेड पसरून आणखी फुगतं. अशा वेळी जाडी एक पायरी खाली आणा, ८०० ऐवजी ७००. शिवजयंतीची मिरवणूक रात्रभर चालते आणि चित्ररथावरचे दिवे थेट फलकावर असतात. दिवसा उत्तम दिसलेलं अक्षर तिथे भरून जातं.

ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं करायची असतील तर शिरोरेषा मदतीला येते: अख्खा शब्द एक तुकडा होतो, टांगायला सोपा, वाकडा बसत नाही. सुटा राहतो तो अनुस्वार. त्याला वेगळा स्क्रू लागतो, आणि पावसाळ्यानंतर सगळ्यात आधी गळून पडतो तोही तोच. फाँटात टिंबाला शिरोरेषेशी जोडणारी बारीक मान असलेला पर्यायी आकार करून ठेवलात तर कापणारा दुवा देईल.

शेवटी दोन फाइली द्या: एक मजकूर कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केलेली, छापायला, दुसरी टाइप बदलता येईल अशी, फाँटसकट, गिऱ्हाईकाकडे ठेवायला. कर्व्ह करण्याआधी कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून आणि मराठी मजकूर गिऱ्हाईकाकडून वाचून घ्या, आणि मंजुरी लेखी मागा, व्हॉट्सॲपवरची चालेल. फोन नंबरचे आकडे मात्र तिसऱ्याच माणसाला वाचायला लावा.